आडवी घातलेली कुऱ्हाड

हैदराबादच्या हायकोर्टात अठ्ठावीस वर्षं नोकरी केली असं सांगितलं की लोक खुर्ची जवळ ओढतात आणि विचारतात, "मग खुनी माणसं रोजच पाहिली असतील!" त्यांचा विरस करणं माझ्या जिवावर येतं, पण खरं सांगायचं तर मी एकही खुनी पाहिला नाही. खुनाचं अपील चालतं तेव्हा खुनी तुरुंगात असतो. साक्षीदार आपापल्या गावी असतात. हायकोर्टात येतात ते फक्त कागद. खालच्या कोर्टात कुणी छाती पिटून सांगितलेलं असो की घाबरत चाचरत, सगळं एकाच गठ्ठ्यात बांधून येतं. त्या गठ्ठ्यातल्या देशी भाषांचं इंग्रजी करणं हे माझं काम होतं.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "बाई, नोकरीवर लिहा. पण कायद्याचं फार नको आणि रडकंही नको." रडकं लिहायची मला हौस नाही. कायद्याचं मात्र थोडं सोसावं लागेल. माझ्या मुलालाही ते सोसावं लागणार आहे, कारण जोडाक्षर आलं की त्याला घाम फुटतो आणि हा लेख त्याला मीच वाचून दाखवणार आहे.

आमचा भाषांतर विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. बाहेर व्हरांडा, व्हरांड्यात पाण्याचा माठ, आणि पलीकडे झाडं. तेलुगूची चार टेबलं, उर्दूची दोन, आणि मराठीचं एक, माझं. जुन्या निजामी मुलखातले सीमेवरचे काही तालुके आंध्रात राहिले, तिथली माणसं मराठीत भांडतात आणि मराठीतच साक्ष देतात, म्हणून माझं टेबल टिकून होतं. मराठीचं काम नसेल तेव्हा मी उर्दू कागद तपासायची. आमचे मुख्य अनुवादक रज्जाक साहेब. डोळ्यांवर जाड भिंगं, तोंडात पान, आणि खात्रीचा माणूस. त्यांचा एक नियम होता, तो ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत: "पहिले अस्ल पढना, नक़्ल बाद में." म्हणजे साक्षीदाराच्या भाषेतला मूळ कागद आधी वाचायचा. दुसऱ्या कुणी त्याचं इंग्रजी केलेलं असेल तर ते शेवटी बघायचं. मला हा नियम म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटायचा.

रज्जाक साहेबांची कीर्ती 'परसों'मुळे झाली होती. जुन्या शहरातल्या एका खुनाच्या खटल्यात चहाच्या हॉटेलातल्या वेटरने साक्ष दिली होती की या दोघांचं परसों भांडण झालं होतं. इंग्रजीत ते 'घटनेच्या दोन दिवस आधी' असं आलं. आता आरोपी त्या दिवशी मुंबईला होता, त्याचं रेल्वेचं तिकीटच होतं. आरोपीचा वकील अपिलात गरजला, साक्षीदार खोटारडा आहे, याचं काहीच धरू नका! तेव्हा साहेबांनी इंग्रजीखाली टीप लिहिली, की हैदराबादेत परसों म्हणजे काल सोडून मागचा कुठलाही दिवस, मग ते चार दिवस असोत की चार वर्षं. न्यायमूर्ती हैदराबादचेच होते. ते म्हणे इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं, आणि वेटरची साक्ष टिकली.

अपिलाचं कोर्ट साक्षीदाराला बघत नाही, मग त्याचं खरंखोटं कसं ठरवतं, असं मला पुष्कळजण विचारतात. एकाच लग्नाहून आलेल्या पाच बायकांना विचारा. एक म्हणेल नवरीचा शालू हिरवा होता, दुसरी म्हणेल पोपटी. एक म्हणेल जेवायला दोन वाजले, दुसरी म्हणेल तीन. तरी लग्न झालं हे खरंच असतं. उलट पाचही जणींनी शालूचा काठ किती बोटं रुंद तेही एकसारखंच सांगितलं, तर समजावं की रिक्षात बसून ठरवून आल्या आहेत. न्यायमूर्तींचंही असंच असतं. बारीकसारीक फरकाला ते घाबरत नाहीत, घोकलेल्या सारखेपणाला घाबरतात. साक्षीदार मेलेल्याचा नातलग असेल तर त्याला हाकलत नाहीत, फक्त चष्मा पुसून वाचतात. आणि मग त्याचं बोलणं डॉक्टरच्या कागदाशी, पंचनाम्याशी जुळवून बघतात, कारण जखम काही कुणाची बाजू घेत नाही.

तर आता माझ्या चुकीकडे येते. माझ्या सेवापुस्तकात एकच वाईट शेरा आहे आणि तो मी अजून लोकांना कौतुकाने दाखवते.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. देश उघडला, बाजार उघडला असं सगळे म्हणत होते. चिक्कडपल्लीत आमच्या गल्लीत रोज नवा काहीतरी खोका उतरायचा, कुणाकडे रंगीत टीव्ही, कुणाकडे कपडे धुण्याचं यंत्र. आम्ही आठ वर्षं टेलिफोनसाठी नंबर लावून बसलो होतो. आणि एके दिवशी ऑफिसात निरोप आला की आज दुपारी लाईनमन घरी येतोय, घरात माणूस नसेल तर परत केव्हा येईल सांगता येत नाही. आमचे हे रेल्वेत, तारनाक्याला. त्यांना निघणं शक्य नव्हतं. माझ्या टेबलावर दहा पानांची एक मराठी जबानी होती, ती त्याच दिवशी द्यायची होती.

खटला असा. सीमेवरच्या एका खेड्यात मारोती आणि किसन हे भाऊबंद, शेताला शेत लागून. मारोतीचा बैल किसनच्या उभ्या ज्वारीत शिरला. मारोती कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या तोडत होता, त्याच्या हातात कुऱ्हाड. किसन कोयता घेऊन धावत आला. झटापट झाली आणि किसन गेला. पाहणारी एकच, किसनची आई गयाबाई, ती पाच-सात हातांवर ज्वारी राखत बसलेली. खालच्या कोर्टाने मारोतीला जन्मठेप दिली.

गयाबाईने साक्ष मराठीत दिली होती. तिथल्या कारकुनाने ती मराठीत उतरवून घेतली, खाली तिचा अंगठा. सोबत दुभाष्याने सांगितलेलं चार ओळींचं इंग्रजी. हायकोर्टाने म्हटलं, एवढं त्रोटक चालणार नाही, मराठी जबानीचं पूर्ण भाषांतर करा. म्हणून ते माझ्याकडे आलं.

मी घड्याळ बघितलं आणि रज्जाक साहेबांचा नियम मोडला. आधी ते चार ओळींचं इंग्रजी वाचलं. त्यात होतं, आरोपीने कुऱ्हाडीचे घाव घातले. मग मराठी वाचलं. गयाबाईचे शब्द असे होते: "किसन कोयता घेऊन धावला. मारोतीनं कुऱ्हाड आडवी घातली. किसन पुन्यांदा गेला. मारोतीनं पुन्यांदा आडवी घातली. मंग मारोतीनं एक मारली. मंग माझं लेकरू पडलं."

मी त्याचं इंग्रजी काय केलं? कुऱ्हाडीचा आडवा घाव घातला. पुन्हा आडवा घाव घातला. मग आणखी एक घाव मारला. डोळ्यांपुढे घाव होते, म्हणून मला मराठीतही घावच दिसले. आणि आपल्यात म्हणतातच की, डोक्यात काठी घातली म्हणून! मला शंकासुद्धा आली नाही. कागद दिला, रिक्षा केली, घरी पोचले. लाईनमन आलाच नाही. तो म्हणाला होता परसों, ते निरोप देणाऱ्याने आज केलं होतं.

काही महिन्यांनी अपील सुनावणीला लागलं. मारोतीची बाजू मांडायला कोर्टानेच एक तरुण वकील दिली होती, पद्मजा तिचं नाव. हुशार पोरगी, पण तिचे हात बांधलेले. खालच्या कोर्टात मारोतीच्या वकिलाने सांगून टाकलं होतं की मारोती त्या दिवशी शेतात नव्हताच. आता जो तिथे नव्हताच तो 'मी जीव वाचवायला मारलं' असं कोणत्या तोंडाने म्हणणार? तरी कायदा इथे मोठ्या मनाचा आहे. आरोपी स्वतः म्हणाला नाही तरी कागदांतून तसं दिसत असेल तर त्याला स्वसंरक्षणाचा हक्क देता येतो. आणि ते त्याला पुराव्याने ठणठणीत सिद्ध करावं लागत नाही, तसं घडलं असणं जास्त संभवतं एवढं दिसलं तरी पुरे. जीव वाचवणारा माणूस फूटपट्टी घेऊन घाव मोजत नाही, हेही न्यायमूर्ती जाणतात. मात्र कागदांत तसं दिसायला हवं. आणि माझ्या कागदांत दिसत होता तो एक माणूस, तीन घाव घालणारा.

त्यात एक गंमत होती, तिच्यावर पहिल्या दिवशी पुष्कळ बोलणं झालं. गयाबाईच्या साक्षीत तीन घाव आणि डॉक्टरच्या कागदात जखम एकच. सरकारी वकील म्हणाले, "डोळ्यांदेखत मुलगा गेलेली आई आहे, तिच्या तोंडून दोन घाव जास्त निघाले तर त्यात काय! मूळ गोष्ट खरीच आहे." थोरल्या न्यायमूर्तींनी मान डोलावली. पुढची सुनावणी सोमवारी ठेवली. पद्मजा पडलेल्या चेहऱ्याने बाहेर पडली, हे मला नंतर कळलं.

मारोतीची बायको सुभद्रा प्रत्येक तारखेला गावाहून यायची. तिला इंग्रजी कळत नव्हतं आणि कोर्टातली गर्दी सोसत नव्हती, म्हणून ती आमच्या व्हरांड्यात माठाजवळ बसून राहायची, वकीलबाई बाहेर येईपर्यंत. ती कुणाची कोण हे आम्हाला माहीत होतं. पक्षकारांशी बोलायचं नाही असा नियम, म्हणून आम्ही तिच्याकडे न बघता पाणी प्यायचो. खरं तर फार वाईट वाटायचं, पण नियम तो नियम.

त्या पहिल्या सुनावणीच्या दिवशी दुपारी मी डबा उघडून टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेले. परत येते तर दारात हा गोंधळ! एक दांडगं माकड उंबऱ्यावर, सुभद्रा दारात पाय रोवून उभी, आणि तिच्या दोन्ही हातांत तिची काळी छत्री. तेलुगूवाले सगळे टेबलांवर चढलेले. रज्जाक साहेब खुर्चीत बसूनच माकडाला "चल हट जी, हट" असं अदबीने सांगत होते. माकडाने दोनदा झेप घेतली, दोनदा परत गेलं, आणि शेवटी माठावरचं झाकण पाडून झाडावर पळालं.

सुभद्रा धापा टाकत हसायला लागली. नियम गेला खड्ड्यात. माझा डबा वाचवणारी बाई होती ती. मी म्हटलं, "अगं, मारलं नाहीस ना त्याला? चावलं असतं म्हणजे!"

"मारन कशाला बाई? मुकं जनावर त्ये. म्या नुस्ती छत्री आडवी घातली."

"काय केलंस?"

"आडवी घातली म्हन्लं की! अशी." तिने छत्री दोन्ही हातांनी छातीपुढे आडवी धरून दाखवली. "त्यानं दोनदा अंगावर घेतलं, म्या दोनदा आडवी घातली. मारली एकदाबी न्हाई."

मी तशीच टेबलाशी गेले, कपाटातून माझी कच्ची प्रत काढली, आणि दफ्तरातून मूळ कागदही मागवला. दोनदा 'आडवी घातली', एकदा 'मारली'. गयाबाईने वेगळ्या गोष्टींना वेगळे शब्द वापरले होते. तिने कुऱ्हाड आडवी धरून वार अडवल्याचं सांगितलं होतं, आणि मी त्याचा वार करून टाकला होता. डॉक्टरची एक जखम आणि आईची एक मारलेली. ती एका घावानेही जास्त बोलली नव्हती.

मी त्या दिवशी डबा खाल्ला नाही. तो माणूस तीन वर्षं तुरुंगात होता, आणि सोमवारी माझ्या इंग्रजीवर त्याचं उरलेलं आयुष्य ठरणार होतं. मला रडू यायला लागलं, आणि रागही आला, सगळा स्वतःचाच.

रज्जाक साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी पान थुंकलं, मग भिंगाखालून मूळ कागद बघितला. मराठी त्यांना वाचता येत नव्हती, तरी बघितला.

"नक़्ल पहिले पढे तुम?"

"हौ साहेब."

"काइकु?"

"टेलिफोन बसणार होता."

ते म्हणाले, "बैठा?"

"नाही अजून."

"तो फिर लिखो चिठ्ठी रजिस्ट्रार साब को. अब्बीच लिखो. मैं भी दस्तख़त करतूँ, सेक्शन मेरा है."

मी म्हटलं, साहेब, लोक म्हणतील आरोपीच्या बायकोने शिकवलं. माकडाची गोष्ट कोण ऐकणार? ते म्हणाले, "बंदर को मत छुपाओ. बंदर छुपाए तो सब झूठ लगता." घरी सांगितलं तर हे म्हणाले, नोकरी जाईल का? मी म्हटलं, जाईलही. हे म्हणाले, बरं, मग टेलिफोन तरी उचलायला घरी कुणी असेल. असा आमच्या घरातला धीर देण्याचा प्रकार!

सोमवारी खंडपीठाने मलाच बोलावलं. अठ्ठावीस वर्षांत मी कोर्टाच्या खोलीत बोलायला उभी राहिले ती त्या एकाच दिवशी. थोरले न्यायमूर्ती तेलुगू, गंभीर, कपाळावर आठी. त्यांनी माझी चिठ्ठी वर धरली.

"तुमचं कोणतं भाषांतर खरं मानू? पहिलं की हे?"

"हे, मायलॉर्ड."

"का?"

सरकारी वकील लगेच उभे राहिले. "आरोपीची पत्नी यांच्या विभागाबाहेर बसते. यांचं तिच्याशी बोलणं झालं आहे. हे शिकवलेलं आहे."

मी सांगितलं. सगळं, टेलिफोनपासून. गोष्टीत माकड आलं तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली, आणि धाकट्या न्यायमूर्तींनी फाईल तोंडापुढे धरली. थोरले मात्र हसले नाहीत.

"माकडाची साक्ष मला नोंदवता येणार नाही," ते म्हणाले. "ती बाई काय म्हणाली तेही मला ऐकायचं नाही. या कागदात काय आहे ते सांगा."

त्या एका वाक्याने मला धीर आला. कागदात काय आहे, हेच तर माझं काम! मी म्हटलं, "गयाबाईने दोन वेळा एक शब्द वापरला आहे आणि तिसऱ्या वेळी दुसरा. तिन्ही गोष्टी एकच असत्या तर तिने शब्द बदलला नसता. मी तिन्हींचं एकच इंग्रजी केलं. 'आडवी घातली' म्हणजे मध्ये घातली, वार येताना पुढे धरली." आणि मी हातातली पट्टी छातीपुढे आडवी धरून दाखवली.

थोरल्या न्यायमूर्तींची आठी जरा सैल झाली. ते पुटपुटले, "अड्डम पेट्टाडु?"

तेलुगूत अड्डम पेट्टाडु म्हणजे आडवं धरलं. शेजारशेजारच्या भाषा त्या, त्यांची भांडीकुंडी एकमेकींकडे गेलेली असतातच. मी होकार देत म्हटलं, "अवुनु मायलॉर्ड. अड्डमच."

मग पद्मजा उठली. मुलगी विजेसारखी हलली! तिने जप्तीचा पंचनामा उघडला. कुऱ्हाडीच्या दांड्यावर दोन ताज्या खाचा, असं त्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. मारोतीच्या डाव्या हाताची दोन बोटं कापलेली, हेही पोलिसांच्याच डॉक्टरने लिहिलं होतं. त्या खाचा कशाच्या आणि बोटं कशाने कापली, हे सरकारपक्षाने कधी सांगितलंच नव्हतं, आणि मारोती तिथे नव्हताच म्हणणाऱ्या वकिलाने विचारलं नव्हतं. दोनदा आडवी घातली, दांड्यावर दोन खाचा. एकदा मारली, अंगावर एक जखम.

थोरले न्यायमूर्ती काटेकोर माणूस. माझ्या शब्दावर त्यांनी सोडलं नाही. तारनाक्याजवळच्या जुन्या विद्यापीठातल्या मराठीच्या प्राध्यापकांकडे मूळ कागद पाठवला, माझी दोन्ही इंग्रजी न दाखवता. आधी अस्लच! रज्जाक साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी दिवसभर कुणालाच सोडलं नाही, चपराशालाही सांगितलं. प्राध्यापकांनी लिहून पाठवलं, कुऱ्हाड आडवी धरून वार अडवला, दोन वेळा.

निकालाच्या दिवशी सुभद्रा नेहमीसारखी माठाजवळ. आत काय झालं ते मला पद्मजाने पळत येऊन सांगितलं. न्यायमूर्तींनी म्हटलं होतं, की मुलाच्या मरणाची एकटी साक्षीदार असलेल्या आईने आरोपीच्या बाजूचं सत्यही लपवलं नाही, अशा साक्षीवर पूर्ण विश्वास ठेवला पाहिजे. आणि विश्वास ठेवला तर दिसतं ते असं, की अंगावर कोयता येत असताना आरोपीने दोनदा नुसतं अडवलं, तिसऱ्यांदा बोटं कापलेल्या हाताने एकच मारली. हे स्वसंरक्षण आहे. मारोती निर्दोष, सोडून द्या. माझ्यासाठी शेवटी दोन ओळी होत्या: अनुवादकाने अक्षम्य घाई केली, आणि मग आपली चूक धैर्याने सांगितली. पहिल्या ओळीमुळे शेरा बसला. दुसरी ओळ मी पाठ केली.

पद्मजाला मराठी येत नव्हती आणि आनंदाने तिला तेलुगूही धड बोलवेना. म्हणाली, "तुम्हीच सांगा." मी सुभद्राला सांगितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खूप वेळ. मग तिला वाटलं की मी चेष्टा करते आहे, म्हणून परत विचारलं, आणि मी परत सांगितलं. तेलुगूवाले, उर्दूवाले सगळे व्हरांड्यात आले होते. रज्जाक साहेबांनी कुणाला तरी मिठाईला पिटाळलं. माझ्या आयुष्यात ऑफिसात असा आनंद मी पुन्हा पाहिला नाही.

पण सांगायचं राहिलं होतं ते सांगायलाच हवं होतं. मी तिच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "सुभद्रा, चूक माझ्या हातून झाली होती. गयाबाईने सांगितलं होतं आडवी घातली, आधी दुभाष्याने आणि मग मी त्याचं केलं घाव घातला."

तिचं हसू थांबलं. "म्हंजी? गयामावशीनं कोर्टात खरं सांगितलं व्हतं?"

"शब्दन् शब्द."

"गावात तर समदे म्हन्त व्हते, म्हातारीनंच घाव सांगून अडकवला." ती माझ्याकडे बघत राहिली. "आमचा तिचा वसरीला वसरी लागून वाडा... तीन वर्सं बोललो न्हाई बाई. तिचं लेकरू गेलं, तरी म्या तिच्या दारात गेले न्हाई. रोज सकाळी सडा टाकताना तिला ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या. त्या कुनाला लागल्या मंग?"

"मला," मी म्हणाले. "माझ्या नावावर घे त्या."

तिने मला वरून खालपर्यंत बघितलं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच फिस्सकन हसली. "बरं झालं. तुमी धडधाकट हाव, तुमाला सोसल्या."

पद्मजाने सांगितलं, हुकूम तुरुंगात पोचायला दोन दिवस लागतील, तोवर इथेच कुठेतरी राहायची सोय करू. मी ते मराठीत सांगेपर्यंत सुभद्राने पिशवी काखोटीला मारली होती आणि अफझलगंजला गावाकडची बस किती वाजता ते रज्जाक साहेबांना विचारत होती.

मी म्हटलं, "अगं, गावाकडे कुठे? मारोतीला घ्यायला जायचं ना?"

"जाते की. त्यो सुटल दोन दिवसानं," सुभद्रा म्हणाली, "मला गयामावशीच्या दारात आजच सुटायचं हाय."